उलटा पोहणारा मासा म्हणून आणला, आता सुलटाच पोहतो आणि टँकमधले छोटे निऑन मासे गायब होतायत. हा नक्की कोण आहे?

निखिल_चिंचवड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे २ बाय १ बाय १ फुटाचा टँक आहे, टॉप फिल्टर, खाली रंगीत खडी, थोडी प्लास्टिकची झाडं. गणपतीच्या आधी एका दुकानातून तीन छोटे कॅटफिश आणले. दुकानवाला म्हणाला आफ्रिकन आहेत, काँगो नदीतले, पोट वर करून उलटे पोहतात आणि बोटाएवढेच राहतात, बिनधास्त न्या. दीडशेला एक. बायको आधी नको म्हणत होती पण त्यातला एक खरंच दुकानातच पोट वर करून पाण्यावरचे दाणे खात होता, ते बघून तीच म्हणाली घेऊन टाकूया. तेव्हा दीड इंचाचे असतील नसतील, अंगावर काळ्या-तपकिरी रंगाची मस्त नक्षी.

आता आठ महिने झाले. तिघांतला एक पट्टीने मोजला तर पाच इंच भरला. बाकीचे दोन साडेतीनच्या आसपास, पण त्यांचे पर फाटल्यासारखे दिसतात, एकाच्या शेपटीचा वरचा तुकडाच नाहीये. उलटं पोहणं वगैरे दोन-तीन महिन्यांतच बंद. मोठा दिवसभर फिल्टरच्या पाइपमागे उभा चिकटून बसतो, आणि रात्री लाइट घालवला की पूर्ण टँकमध्ये नुसता धुमाकूळ, खडी उडवल्याचा आवाज बेडरूमपर्यंत येतो. बारा निऑन टेट्रा होते त्यातले चार उरलेत. मेलेला एकही सापडला नाही, म्हणजे सकाळी मोजायचो तर एक कमी, बस.

गेल्या रविवारी टँक धुवायला म्हणून मोठ्याला जाळीत पकडला तर तो जाळीत असा काही अडकला की अर्धा तास सुटेना, आणि चक्क आवाज काढत होता, किर्र किर्र, जुन्या कपाटाचं दार उघडल्यासारखा. मी घाबरून ओढाओढ केली आणि माझ्याच अंगठ्यात काटा घुसला, दोन तास ठणकत होतं.

ऑफिसमधला एक जण म्हणतो हा आफ्रिकन मांगूर आहे, भारतात बंदी आहे, ठेवलास तर केस होईल. आता घरात टेन्शन. हा मासा नक्की कोणता, अजून किती वाढेल, आणि मी याचं काय करू? फोटो काढायला जातो तर पाइपमागे पळतो, पण प्रयत्न चालू आहे.

टँकवाले_काका

निखिल, केस वगैरे काही होत नाही, आधी पाणी पी. मांगूर वेगळा, त्याचं कोणीतरी सांगेलच, नाहीतर मी सांगतो सवडीने.

तुला उलट्या माशाच्या नावाखाली सुलटा मासा विकला, इतकंच झालंय. आणि हा तुझ्या एकट्याचा अनुभव नाही, महिन्यातून एकदा तरी हाच प्रश्न कोणीतरी विचारतं. काँगो खोऱ्यातला जो खरा उलटा पोहणारा, सिनोडोन्टिस नायग्रिव्हेंट्रिस, तो फार फार तर साडेतीन-पावणेचार इंच. १० सेंटिमीटरच्या आत संपला विषय. तुझा पाच इंच झाला म्हणजे तो तो नाहीच, यात फोटोचीही गरज नाही. तुझ्याकडे बहुतेक सिनोडोन्टिस युप्टेरस आहे, ज्याला दुकानात फेदरफिन म्हणतात. हा काँगोचा नव्हे, पांढऱ्या नाइलचा, चाडच्या खोऱ्यातला, नायजर आणि व्होल्टा नद्यांतला. लहानपणी दोघंही ठिपकेदार, नक्षीदार, आणि गंमत म्हणजे युप्टेरसची पिल्लंही पाण्यावरचं खायला मिळालं की पोट वर करतात. म्हणून दुकानात बघणारा फसतो. दुकानदारही दर वेळी मुद्दाम फसवतो असं नाही, त्यालाही होलसेलवाल्याने तेच नाव सांगितलेलं असतं.

मोठा होईल तसा पाठीवरचा पर बघत राहा. त्याच्या काड्यांना लांब धागे फुटतात आणि पिसाऱ्यासारखा दिसतो, नाव त्यावरूनच. नदीत हा फूटभर होतो, टँकमध्ये सहा ते आठ इंच धरून चाल. आणि आयुष्य? माझ्याकडचा आणला तेव्हा मुलगी तिसरीत होती, आता ती नोकरीला लागली. चौदा वर्षं झाली आणि पठ्ठ्याचा मरायचा काही विचार दिसत नाही. वीस वर्षं जगलेलेही लोकांकडे आहेत. म्हणजे दीडशे रुपयांत तू कुत्र्यापेक्षा जास्त जगणारं जनावर घरी आणलंस.

खऱ्या उलट्या माशाबद्दल एक गोष्ट सांगतो, तुझ्या प्रश्नाशी संबंध नाही पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. साधारण सगळ्या माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं, वरून बघणाऱ्याला खालच्या काळ्या पाण्यात पाठ दिसू नये आणि खालून बघणाऱ्याला उजेडात पोट दिसू नये म्हणून. ह्याचं बरोब्बर उलटं, पोट गडद आणि पाठ फिकट, कारण बहुतेक वेळ पोटच वर. नायग्रिव्हेंट्रिस म्हणजेच काळपोट्या. नाइलमध्ये याचा एक भाऊबंद आहे, त्याचं शास्त्रीय नाव बटेनसोडा, ते अरबीवरून आलंय आणि त्याचाही अर्थ काळं पोट. इजिप्तच्या लोकांना हा मासा हजारो वर्षांपासून माहीत, त्यांच्या थडग्यांच्या भिंतींवर तो उलटा पोहताना कोरलाय. तिकडे लहान मुलांच्या वेणीला सोन्याचा छोटा मासा बांधायचे, पाण्यात बुडू नये म्हणून, त्यातले कितीतरी ह्याच घराण्यातले. आपण दृष्ट लागू नये म्हणून काळा मणी बांधतो तसंच.

असो. आता कामाचं. दोन फुटी टँक म्हणजे ५४ लिटर, त्यात काच-खडी धरून पन्नासच्या आतच पाणी. तीन युप्टेरसना ही जागा म्हणजे वन रूम किचनमध्ये तीन पैलवान. फाटलेले पर कसले आजार नाहीत, मोठा रात्री बाकीच्या दोघांना बडवतोय. किमान चार फुटी टँक लागेल, ४ बाय दीड बाय दीड, म्हणजे २४० लिटरच्या आसपास. तेवढी जागा नसेल तर दोन तरी कोणाला तरी दे. निऑनचा नाद सोड, उरलेले चार दुसरीकडे हलव नाहीतर तेही जातील. तोंडात मावतो तो मासा त्याच्या लेखी खाऊच.

सागर_७७

एवढं कशाला डोक्याला ताप. पवना आहे ना जवळ, नदीत सोडून दे, मोकळ्या पाण्यात मजेत जगेल बिचारा. माझ्या आईने घरातले काच चाटणारे दोन सकर मासे असेच पाषाणच्या तलावात सोडले होते, पुण्य लागलं म्हणाली.

टँकवाले_काका

सागर, रागावू नकोस पण हे असलं पुण्य नको रे बाबा. सकर दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडे लोकांनी हौसेने आणला आणि कंटाळा आला की सोडून दिला. आज कोलकात्याच्या पाणथळीत मच्छीमारांच्या जाळ्यात आपल्या माशांऐवजी तोच येतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि विकायला जावं तर कोणी घेत नाही. बाहेरचा मासा नदीत जगला तर नदीचं वाटोळं, मेला तर त्याचे हाल, दोन्हीकडून वाईटच. निखिल, काहीही कर पण हे करू नकोस. आणि ज्याच्याकडून आणलास त्याला परत घेतोस का विचार, बरेच दुकानवाले मोठा मासा बदलून छोटे देतात, पैसे देत नाहीत एवढंच.

अनघा_ठाणे

जाळीचं वाचून माझ्या काळजात धस्स झालं कारण मी हाच उद्योग केलाय. निखिल, सिनोडोन्टिसला पाठीवर एक आणि छातीशी दोन्ही बाजूंना एकेक असे तीन कडक काटे असतात, आणि घाबरला की ते उभे करून लॉक करतो, मग तुम्ही कितीही दाबा ते खाली होत नाहीत. बाजूच्या काट्यांना वर करवतीसारखे दात. जाळीचा धागा त्या दातांत बसला की जितकं ओढाल तितका जास्त गुंततो. त्यामुळे ओढायचं नाही. कात्री घ्यायची आणि जाळी कापायची. वीस रुपयांची जाळी असते, जाऊदे. कापलेला एखादा धागा काट्यावर राहिला तरी चालतो, तो नंतर आपोआप निघतो, माझ्या माशाच्या काट्यावर हिरवा दोरा आठवडाभर मिरवत होता.

पुढच्या वेळी जाळी वापरूच नकोस. प्लास्टिकचा डबा घे, मी श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा वापरते, तो पाण्यात आडवा धरायचा आणि दुसऱ्या हाताने पट्टीने हळूच माशाला आत ढकलायचं. अजून सोपं म्हणजे तो ज्या पाइपमध्ये झोपतो तो पाइपच दोन्ही तोंडं हाताने झाकून उचलायचा, त्याला कळतसुद्धा नाही घर बदललं ते. कुठे न्यायचा असेल तर पिशवी नको, काटा आरपार जातो आणि सगळं पाणी रिक्षात. बादली ने.

आवाजाचं म्हणशील तर तो तोंडाने ओरडत नाही. छातीजवळच्या काट्याचं मूळ खाचेत घासून तो किर्र वाजवतो, म्हणून इंग्रजीत या कुळाला स्क्वीकर म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं एअर पंप गेला.

तुला काटा लागला तेव्हा ठणकलं ते साहजिक आहे, काट्याच्या कातडीत सौम्य विष असतं. माझे सासरे मालवणचे, ते म्हणाले शिंगाळ्याचा, म्हणजे समुद्रातल्या कॅटफिशचा, काटा लागला की आम्ही हात सोसवेल तितक्या गरम पाण्यात धरतो, मीही तेच केलं, बरं वाटलं. पण सूज वाढली किंवा काट्याचा तुकडा आत राहिला असं वाटलं तर सरळ डॉक्टरकडे जा, फेसबुकवर विचारत बसू नकोस.

अजून एक, आणि हे खरंच महत्त्वाचं आहे. यांना खवले नसतात. अंग उघडं, त्यामुळे औषध यांना लगेच बाधतं. गेल्या वर्षी माझ्या टँकमधल्या माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा आजार आला, मी बाटलीवर लिहिलेला पूर्ण डोस घातला, टँकमधले दुसरे मासे, सिक्लिड, मजेत होते आणि सिनोडोन्टिस तासाभरात आडवा पडून कल्ले धापा टाकल्यासारखे हलवायला लागला. रात्री साडेअकराला मी आणि नवरा बादल्यांनी निम्मं पाणी बदलत होतो, खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या बघायला की पाइप फुटला का. वाचला तो. तेव्हापासून अर्धाच डोस, तांबं असलेलं औषध अजिबात नाही, आणि मुठीमुठीने मीठ टाकायचं ते पण बंद.

निखिल_चिंचवड

काका, अनघाताई, खूप खूप आभार. बायकोला वाचून दाखवलं, वीस वर्षं ऐकून ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली म्हणजे हा आपल्या पोराच्या लग्नाला असेल. (पोरगं अजून चालायला शिकतंय.)

सागर, नदीत नाही सोडणार रे, पण मनात आलं होतं हे खरं.

काका, चार फुटी टँकला जागा आहे पण भाड्याचं घर आहे, चौथा मजला, वजनाने काही होणार नाही ना? आणि आमच्याकडे पाणी अर्धं पिंपरी-चिंचवड महापालिकेचं आणि उन्हाळ्यात अर्धं टँकरचं, बोअरचं असतं बहुतेक, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. ते चालेल का? आणि आता दुपारी टँकचं पाणी ३३ डिग्रीला जातंय. शिवाय ऑफिसवाला अजून मांगूरच म्हणतोय, त्याला काय सांगू?

लागोसकर

मांगूरचं मी सांगतो, कारण मांगूरच्या देशात राहतो. मूळचा साताऱ्याचा, सहा वर्षं झाली नायजेरियात, लागोसला, कारखान्यात मेंटेनन्सला आहे.

तुमच्या ऑफिसवाल्याचं अर्धं बरोबर आहे. आपल्याकडे ज्याला थाई मांगूर म्हणतात तो थायलंडचा नाहीच, तो आफ्रिकेचा, क्लॅरियस गॅरीपिनस. भारत सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. कारण तो मिळेल ते खातो, दुसरे मासे संपवतो, आणि लोक त्याला कत्तलखान्यातलं सडकं मांस घालून वाढवतात, तळ्याचं पाणी गटारासारखं होतं. नंतर राष्ट्रीय हरित लवादानेही तळी मोडायला सांगितलं. उजनीच्या काठावर अशी तळी जेसीबीने बुजवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. पण बंदी त्या माशावर आहे, आफ्रिकेतून आलेल्या झाडून सगळ्या कॅटफिशवर नाही.

ओळखायला अगदी सोपं आहे. तुमच्या माशाच्या पाठीवर उंच त्रिकोणी पर आहे ना, पुढे कडक काटा असलेला? आणि त्याच्यामागे शेपटीजवळ एक मऊ, बिनकाड्यांचा छोटा पर? शेपटी दुभंगलेली? मिशा सहा, आणि खालच्या चार मिशांना झाडाच्या मुळासारख्या फांद्या फुटलेल्या? मग तो सिनोडोन्टिस. मांगूरला डोक्यामागून पार शेपटीपर्यंत एकच लांबलचक पर असतो, शेपूट गोल, मिशा आठ, डोकं चपटं फावड्यासारखं. आणि मांगूर मधेमधे वर येऊन हवेचा घोट घेतो, त्याला पाण्याबाहेरही श्वास घेता येतो, पावसात एका डबक्यातून दुसऱ्यात सरपटत जातो. दुकानात कधी पांढरा किंवा गुलाबी कॅटफिश दोन इंचाचा दिसला तर मात्र सांभाळा, त्यात हाच मांगूर असू शकतो, आणि तो मीटरभराच्या पुढे जातो, टँकमध्ये ठेवायचा मासाच नाही तो.

इथे मात्र त्याच मांगूरचा थाट बघा. संध्याकाळी ऑफिसचे लोक ज्या हॉटेलात नेतात तिथे दारातच सिमेंटची टाकी असते, काळं पाणी, आत हातभर मासे एकमेकांवर लोळतायत. तुम्ही बोट दाखवायचं, ती बाई तोच काढते, तिथेच डोक्यात घालते आणि अर्ध्या तासात लालभडक मिरचीच्या रश्शात तो तुमच्यासमोर. या प्रकाराला इथे नावच आहे, पॉइंट अँड किल. मी देशावरचा माणूस, मटण-भाकरीवर वाढलेला, पहिल्या वेळी बोट दाखवायला हातच उचलेना. आता दाखवतो. रस्सा म्हणाल तर आपल्या तांबड्याला मागे टाकेल असा झणझणीत. बाजारात धुरावलेले मांगूर मिळतात, शेपूट तोंडापाशी वळवून काडीने टोचलेले, बांगडीसारखे गोल, काळे कुळकुळीत, टोपलीत रचून ठेवलेले.

आणि हो, त्याच बाजारात मी सिनोडोन्टिसही बघितलेत, मोठे मोठे, वितीपेक्षा जास्त. विकणारी बाई आधी काटे मोडते मगच हात लावते. तुम्ही लोक तिकडे दीडशे रुपये देऊन काचेत ठेवता म्हटल्यावर ती इतकी हसली की बाजूच्या बायकांना बोलावून परत सांगायला लावलं.

हर्षद_सांगली

काकांचं बाकी सगळं पटलं पण एक गोष्ट राहिली, त्यावर मी भांडणार. खडी. निखिल, ती रंगीत खडी आधी काढ. हे मासे रात्रभर मिशा जमिनीला घासत अन्न शोधतात, धारदार खडीने मिशा झिजतात, मग तिथे बुरशी. बारीक नदीची वाळू घाल, स्वच्छ धुऊन, इंचभर पुरे.

पाण्याचं म्हणशील तर सांगलीत माझ्याकडे बोअरचंच आहे, जड पाणी, किटलीत चुन्याचा थर बसतो. युप्टेरसला काही फरक पडत नाही, पीएच साडेसहा ते आठमध्ये कुठेही राहतो. त्याला बदल चालत नाही, अचानक झालेला. म्हणजे या आठवड्यात सगळं महापालिकेचं आणि पुढच्या आठवड्यात सगळं टँकरचं, असं नको. ड्रममध्ये दोन्ही मिसळून ठेव आणि आठवड्याला पाव ते तीसेक टक्केच बदल. महापालिकेच्या पाण्याला क्लोरीन घालवणारे अँटीक्लोरचे खडे आठवणीने टाक. आणि तू लिहिलंयस "टँक धुवायला" म्हणून, ते वाचून मी कपाळावर हात मारला. सगळा टँक रिकामा करून भांड्यासारखा घासत असशील तर फिल्टरमधले चांगले जिवाणू प्रत्येक वेळी मारतोयस, नंतर अमोनिया वाढतो आणि मासे सुस्त पडतात. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. हे एवढं जरी केलंस तरी निम्मे प्रश्न संपतील.

३३ म्हणजे जरा जास्तच, याला २२ ते २८ बरं. मासा उष्णतेने लगेच मरत नाही, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे एअर पंप चोवीस तास चालू ठेव, झाकण उघडून वर जाळी टाक, टेबल फॅन पाण्यावर तिरका सोड, दोन-तीन डिग्री सहज उतरतात. बर्फ टाकू नकोस. आमच्याकडे दुपारी लाइट जाते म्हणून मी बॅटरीवरचा पंप ठेवलाय, चारशे-पाचशेत येतो, मेलेल्या माशापेक्षा स्वस्त.

टँकवाले_काका

हर्षद, खडीचं मान्य, मी विसरलो. माझा टँक नुसता काचेचा तळ आणि मडक्याचे तुकडे असा आहे, वाळू साफ करायचा कंटाळा म्हणून. चौदा वर्षांत मिशा शाबूत आहेत त्यामुळे वाळूच पाहिजे असं मी म्हणणार नाही, पण धारदार खडी नको यावर आपलं एकमत.

निखिल, वजन. २४० लिटर म्हणजे पाण्याचेच २४० किलो, त्यात काच, वाळू, स्टँड, तीनशेच्या वर धर. स्लॅबच्या मधोमध ठेवू नकोस, बीम ज्या भिंतीखाली किंवा शेजारी आहे तिथे भिंतीला समांतर ठेव. आणि घरमालकाला आधी सांग, नंतर कळलं की टँकपेक्षा तोच जास्त तापतो. बाल्कनीत तर अजिबात नको.

लपायला जागा दे म्हणजे मारामारी कमी होईल. प्लंबरकडून चार इंची पीव्हीसीचे तुकडे आण, माशांच्या संख्येपेक्षा एक जास्त, कडा सॅंडपेपरने घास. पाइप बारीक घेऊ नकोस, काटे उभे केले की आत अडकून बसतो आणि मग पाइप करवतीने कापायची वेळ येते, विचारू नका कसं माहीत. खायला लाइट घालवल्यावर दे, बुडणारे दाणे, कधी उकडलेले मटार साल काढून, काकडीची चकती, आठवड्यातून एकदा कोलंबीचा तुकडा, बिनमिठाचा. माझा कोलंबी सोलायला घेतली की किचनच्या बाजूच्या काचेला येऊन उभा राहतो, भर दिवसा.

निखिल_चिंचवड

अपडेट देतो, उशीर झाला, सॉरी.

चार फुटी टँक सेकंड हँड मिळाला, मोशीतल्या एकाकडून, स्टँडसकट. काचेला एका कोपऱ्यात ओरखडा आहे पण गळत नाही, दोन दिवस बाल्कनीबाहेरच्या पॅसेजमध्ये पाणी भरून ठेवून बघितलं, सोसायटीतल्या सगळ्या पोरांनी विचारलं यात मगर येणार का. घरमालक म्हणाले ठेवा पण फरशीला काही झालं तर तुमच्यावर, ठीक आहे. जुन्या टँकचा फिल्टर तसाच या टँकवर चालू ठेवला, स्पंज नळाखाली धुतला नाही, हर्षद.

ऑफिसवाल्याला लागोसकरांनी सांगितलेलं सगळं मिशा मोजून दाखवलं, फोटो झूम करून. सहाच भरल्या. तो म्हणाला मग दोन पडल्या असतील. पालथ्या घड्यावर पाणी.

दोन छोटे ज्याच्याकडून टँक घेतला त्यानेच मागितले, त्याच्याकडे सहा फुटी आहे सिक्लिडचा, बादलीतून नेऊन दिले, रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून विचारलं काय आहे त्यात. चार निऑन बहिणीकडे गेले. मोठा माझ्याकडेच. हलवताना जाळी वापरली नाही, अनघाताई, श्रीखंडाचा डबा नव्हता म्हणून आम्रखंडाचा वापरला, पाच मिनिटांत काम झालं, एकदाच किर्र केलं त्याने.

पहिले तीन दिवस काही खाल्लं नाही, पाइपमधून मिशाच फक्त बाहेर. चौथ्या दिवशी रात्री दीड वाजता पोरगं रडायला लागलं म्हणून त्याला घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारत होतो, लाइट लावला नव्हता, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येतो तेवढाच. तर पाण्याच्या वरच्या कडेला हा पूर्ण उताणा, पोट वर, तोंडाने पाण्यावरचा एक-एक दाणा टिपत चाललेला, अगदी दुकानात दिसला होता तसा. पोरगं रडायचं थांबलं आणि काचेला हात लावून बघत बसलं. मी हललो तसा तो सुलटा होऊन पाइपमध्ये.

काका, पाच इंचाचा युप्टेरस असा उलटा होतो का अजून, की मी झोपेत होतो?

टँकवाले_काका

होतो होतो. वर खायला असलं की म्हातारा झाला तरी होतो, माझाही होतो. आता ते तरंगणारे दाणे शिल्लक ठेवू नकोस टँकमध्ये, पाणी खराब होईल. आणि पाठीवरच्या पराचा फोटो टाक, धागे फुटायला लागलेत का बघू.